सोसलेले सांगणारी संत बहिणाबाई

महाराष्ट्राच्या संतमंडळात मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, कान्होपात्रा, वेणाबाई अशा कितीतरी भगिनी होऊन गेल्या. त्यांची चरित्रे आपण कीर्तनांतून आणि पोथ्यांतून ऐकतो. ती बहुतेक दुसऱ्यांनी सांगितलेली असतात. पण जन्मापासूनची आपली हकीकत, गावांच्या नावांसह, क्रमाने, स्वतःच अभंगांत सांगून ठेवणारी बाई म्हटली की तुकाराम महाराजांच्या शिष्या संत बहिणाबाई यांचेच नाव घ्यावे लागते. खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) या वेगळ्या, आणि मी लिहिते आहे त्या त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या, शिऊरच्या बहिणाबाई.

आपल्या मंडळाच्या एकादशीच्या भजनात या बहिणाबाईंचा एक अभंग हटकून होतो. वारकरी पंथाची इमारत कोणी कशी उभी केली, पाया कोणाचा आणि कळस कोणाचा, हे सांगणारा तो अभंग सर्वांना तोंडपाठ आहे. परंतु ज्या बाईने तो रचला तिच्यावर काय गुदरले हे भजनात येत नाही. कीर्तनात आले तर एका वाक्यात येते, आणि बुवा लगेच चमत्काराकडे वळतात. माझी शाळा सातवीपर्यंतच झाली, मोठा ग्रंथ समजून घेण्याची माझी योग्यता नाही. तरी बहिणाबाईंच्या गाथेचा पहिला भाग मी सवडीने, एकेक पान करून वाचला. त्यात जे आहे ते बायकांनी बायकांना सांगण्यासारखे आहे असे वाटले, म्हणून हा लेख.

वेरूळच्या लेण्यांपासून जवळ देवगाव म्हणून गाव आहे. आज त्याला देवगाव रंगारी म्हणतात. तेथे आऊदेव कुलकर्णी आणि जानकी या दांपत्याच्या पोटी शके १५५० मध्ये, म्हणजे १६२८ साली, बहिणाबाईंचा जन्म झाला. पहिलेच अपत्य, म्हणून मुलीच्या पायगुणाचे घरात कौतुक झाले. बरोबरीच्या मुली भातुकली खेळत तेव्हा ही देवाची नावे घेत बसे. वयाच्या तिसऱ्या वर्षी तिचे लग्न लागले. नवरा गंगाधरपंत पाठक, शिऊरचे, वय तीस, बिजवर. वेदविद्या शिकलेला, ज्योतिषाचा जाणकार, माणूस रत्नासारखा, असे वर्णन बहिणाबाईंनीच केले आहे. तीन वर्षांची मुलगी आणि तीस वर्षांचा नवरा हे आज ऐकताना अंगावर काटा येतो. त्या काळी त्यात कोणाला काही वावगे दिसले नाही. चांगले स्थळ मिळाले म्हणून आईबापांनी देवाचे आभारच मानले असतील. रिवाजाप्रमाणे मुलगी मोठी होईपर्यंत माहेरी राहिली.

ती नऊ वर्षांची असताना भाऊबंदकीचा तंटा उभा राहिला आणि आऊदेवांना गाव सोडावे लागले. आईबाप, मुलगी आणि जावई अशी सगळी मंडळी बाहेर पडली. गोदावरीच्या काठाने यात्रेकरूंबरोबर चालायचे, दारोदार कोरान्न मागायचे आणि वाटेत चूल मांडायची, असे दिवस आले. एक कुलकर्णी घराणे हातात झोळी घेऊन हिंडू लागले. पंढरपूर झाले, शिखर शिंगणापूर झाले, आणि बहिणा अकरा वर्षांची होण्याच्या सुमारास ही मंडळी कोल्हापुरास येऊन पोहोचली. तेथे बहिरंभट नावाच्या विद्वान ब्राह्मणाने त्यांना आपल्या घरी जागा दिली. याच वयात तिचा संसार सुरू झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या मुलीचे माहेर म्हणून वेगळे घर उरलेच नव्हते. आईबाप जावयाबरोबरच राहत होते आणि त्यांना दुसरा आधार नव्हता. पुढे जे झाले ते आईवडील जवळ असताना झाले. जवळ असून ते काय करू शकत होते, याचा विचार आपणच करावा.

कोल्हापुरात हरिकथा-कीर्तने पुष्कळ होत. बहिणेचा जीव तेथे रमू लागला. बहिरंभटांना दानात एक कपिला गाय मिळाली होती, ती त्यांनी गंगाधरपंतांना दिली. गाय व्याली, आणि त्या वासराला या मुलीचा असा लळा लागला की ती जाईल तेथे ते पाठोपाठ जाई. तिने पाजले तर पाणी पीत असे, तिने घातले तर चारा खात असे. ती कीर्तनाला निघाली की वासरूही निघे. लोक हसत, कोणी नवल करीत.

त्या दिवसांत जयरामस्वामी वडगावकर कोल्हापुरात आले. मोठे सत्पुरुष, कीर्तनाला गर्दी लोटलेली. वासरू आत शिरले म्हणून लोकांनी त्याला बाहेर काढले, तेव्हा ते ओरडू लागले आणि मुलगी कासावीस झाली. स्वामींच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनी वासराला आत आणवले, आणि वासराच्या व मुलीच्या डोक्यावर हात ठेवून दोघांना आशीर्वाद दिला. एवढीच घटना. एका साधूने भरल्या सभेत अकरा वर्षांच्या मुलीच्या मस्तकावर हात ठेवला.

ही बातमी कोणी तरी तिखटमीठ लावून गंगाधरपंतांच्या कानी घातली. ते चालून आले. केस धरून त्यांनी तिला ओढीत नेले, बेदम मारले, हातपाय बांधून टाकून दिले. बहिणाबाईंनी हे स्वतः सांगितले आहे, आणि सांगताना शब्द झाकले नाहीत. आपल्या अंगाला किती लागले हे त्या सांगतात, आणि गोठ्यातल्या गाय-वासरांनी चारापाणी सोडले हेही त्याच ओघात सांगतात. मुकी जनावरे उपाशी राहिली, माणसे मात्र पाहत होती. पुढे तिला सोडण्यात आले, पण वासरू राहिले नाही; उपासाने ते मेले. त्याला पुरण्यासाठी नेले तेव्हा मुलगी बेशुद्ध पडली आणि कित्येक दिवस शुद्धीवर आली नाही.

त्या ग्लानीत तिला पांडुरंगाचे दर्शन झाले, आणि नंतर तुकाराम महाराजांचे. महाराजांना तिने कधी पाहिले नव्हते. जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांचे अभंग मात्र कानी पडले होते. स्वप्नात त्यांनी तिला मंत्र दिला. चमत्कार मानावा की मनाचा ध्यास, हे ज्याने त्याने ठरवावे. मला त्यात एक गोष्ट दिसते. तुकाराम महाराज जातीने कुणबी, शास्त्राच्या भाषेत शूद्र. ही ब्राह्मणाची बायको. जागेपणी तिला त्यांच्या पायाशी कोणी जाऊ दिले नसते. नवऱ्याच्या आज्ञेवाचून बाईने गुरू करायचा नाही, वेदमंत्र तर तिच्या कानावरही पडता कामा नये, असा दंडक होता. सगळी दारे बंद असताना ज्याला कोणाची परवानगी लागत नाही असे एकच ठिकाण उरले होते, ते स्वप्न. तेथे तिला तिचा गुरू भेटला.

मुलीला साक्षात्कार झाला ही वार्ता पसरली आणि लोक तिला पाहायला, तिच्या पाया पडायला येऊ लागले. यामुळे गंगाधरपंतांचा राग शमायचा तो वाढला. आपण वेदवेत्ते, आपल्याला कोणी विचारीत नाही, आणि बायकोपुढे लोक माथा टेकतात, हे त्यांच्याने बघवेना. बायको एका शूद्राचे नाव घेते याची लाज निराळीच. त्यांनी पुन्हा मारले, गोठ्यात कोंडून घातले. भगिनींनो, मारण्याचे कारण काय ते येथे उघड होते. बहिणेच्या हातून काही बिघडले नव्हते. स्वयंपाक चुकला नव्हता, पाणी भरायचे राहिले नव्हते, उलट उत्तर गेले नव्हते. नवऱ्याच्या मानाला धक्का लागला, एवढेच कारण. आणि तो मान सांभाळण्यासाठी हात उगारायचा अधिकार आपल्याला आहे, याविषयी त्यांना शंका नव्हती. कोणी त्यांना जाब विचारणारेही नव्हते. शास्त्र त्यांच्या बाजूला होते, लोकही त्यांच्या बाजूला होते.

मारून उपयोग होईना तेव्हा त्यांनी तिला टाकून देण्याचे ठरवले. आपण तीर्थयात्रेला निघून जावे आणि पुन्हा हिचे तोंड पाहू नये, असा बेत केला. बहिणाबाईंना तेव्हा तिसरा महिना होता. टाकलेली बाई म्हणजे काय हे आपल्या पणज्यांना विचारायला नको. ना सासर ना माहेर, ना विधवा ना सवाष्ण. हिचे तर आईबाप स्वतःच दुसऱ्याच्या आश्रयाला होते.

ज्या दिवशी निघायचे त्याच दिवशी गंगाधरपंतांच्या अंगाचा दाह सुरू झाला. महिनाभर ते अंथरुणाला खिळून होते. बहिणाबाईंनी रात्रंदिवस त्यांची सेवा केली. त्या दुखण्यात पंतांना पश्चात्ताप झाला. आपण या बाईचा आणि संतांचा छळ केला त्याचे हे फळ, असे त्यांच्या मनाने घेतले. बरे झाल्यावर बायकोला टाकण्याचा विचार सोडून ते सहकुटुंब देहूला निघाले.

याच सुमारास बहिणाबाईंच्याही मनाची घालमेल झाली. देवाच्या नादात पतिसेवेत आपण उणे पडलो की काय, असे त्यांना वाटू लागले. पती हाच देव मानून त्याची सेवा करावी, अशा अर्थाचे अभंग त्यांनी रचले. हे अभंग पुष्कळांना ठाऊक असतात, लग्न झालेल्या मुलींना ते उपदेश म्हणून ऐकवलेही जातात. त्याविषयी पुढे लिहीनच.

देहूला तुकाराम महाराजांचे प्रत्यक्ष दर्शन झाले. स्वप्नात पाहिली तीच मूर्ती समोर उभी होती. परंतु तेथेही सुख लागेना. देहूत मंबाजी गोसावी नावाचे गृहस्थ होते, तुकाराम महाराजांचा त्यांनी किती छळ केला हे सर्वांना माहीत आहे. हे ब्राह्मण दांपत्य आपले शिष्य व्हावे अशी त्यांची अपेक्षा होती. यांनी तुकाराम महाराजांना गुरू मानलेले पाहून मंबाजींचा तोल गेला. वाळीत टाकण्याच्या धमक्या सुरू झाल्या. बहिणाबाईंची गाय पळवून नेऊन मंबाजींनी तिला लपवून ठेवले आणि मारले. गाईच्या अंगावरचे वळ तुकाराम महाराजांच्या पाठीवर उमटले, असे बहिणाबाईंनी सांगितले आहे.

मी हा भाग वाचला तेव्हा मला कोल्हापूरचे ते वासरू आठवले. घरात नवरा बायकोला मारतो आणि गावात मंबाजी गाईला मारतो, हे दोन हात मला वेगळे वाटले नाहीत. आपल्यापेक्षा खाली कोण आहे हे एकदा ठरले, की त्याच्यावर हात टाकायला कोणाची आडकाठी नसते. बायको खालची, शूद्र खालचा, जनावर खालचे. गंगाधरपंत घरात वरचे होते तोवर त्यांना हे उमगले नाही. देहूत मंबाजी त्यांच्यावर उलटले तेव्हा वाळीत पडण्याची पाळी त्यांच्यावरही आली. मात्र या वेळी ते बायकोच्या बाजूने उभे राहिले, मंबाजींच्या दडपणाला त्यांनी भीक घातली नाही, ही गोष्ट त्यांच्या पदरी टाकली पाहिजे. माणूस सुधारू शकतो, हेही या चरित्रात आहे.

देहूतच बहिणाबाईंना मुलगी झाली, तिचे नाव काशीबाई. पुढे मुलगा झाला, विठोबा. आपले मेलेले वासरूच मुलाच्या रूपाने परत आले, अशी त्यांची श्रद्धा होती. अकराव्या वर्षी दोर बांधून पडलेल्या मुलीचे ते दुःख किती खोल गेले होते, हे यावरून कळते. शके १५७१ च्या फाल्गुनात तुकाराम महाराजांचे निर्याण झाले तेव्हा बहिणाबाईंचे वय विशी-एकविशीचे होते. महाराजांसाठी त्यांनी देहूला अठरा दिवस उपास केला, असे सांगतात. नंतर समर्थ रामदासांचा सहवासही त्यांना लाभला. आयुष्याचा शेवटचा भाग त्यांनी शिऊरला काढला. शके १६२२ मध्ये, म्हणजे १७०० साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्याआधी मुलाला बोलावून घेऊन आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीकत त्यांनी सांगितली. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात शिऊरला त्यांची समाधी आहे. १९२९ साली जस्टिन ॲबट नावाच्या अमेरिकन पाद्र्याने त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत नेले, तेव्हापासून दूरदेशीचे अभ्यासकही त्यांना ओळखतात.

आता त्यांच्या बोलण्याविषयी. बाईचा जन्म मिळाला म्हणून परमार्थाची वाट कशी बंद होते, हे बहिणाबाईंनी स्पष्ट सांगितले आहे. वेद ऐकण्याचा अधिकार नाही, मंत्राचा अधिकार नाही, आणि बाईच्या संगतीने पुरुषाचा घात होतो असे शास्त्रे म्हणतात. मग आम्ही तरावे तरी कसे, असा त्यांचा प्रश्न आहे. तो प्रश्न त्यांनी नवऱ्याला विचारला नाही, तर देवाला आणि शास्त्राला विचारला. एवढ्यावरच त्या थांबल्या नाहीत. ब्राह्मणपण जन्माने येते की ज्ञानाने, याची फोड करणारा वज्रसूची नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, त्याचा अर्थ त्यांनी मराठी अभंगांत आणला. ज्या उतरंडीच्या जोरावर त्यांना आणि त्यांच्या गुरूंना मार बसला, त्या उतरंडीच्या मुळालाच त्यांनी हात घातला.

मी वर म्हटले की पतिसेवेचे अभंग सर्वांना ठाऊक असतात. बहिणाबाईंसारखी संतसुद्धा नवऱ्याचा मार सोसून राहिली, मग तुला काय झाले, असे बोलणे मी स्वतः ऐकले आहे. माझ्या नात्यातली एक मुलगी सासरच्या मारहाणीला कंटाळून तीनदा माहेरी आली, आणि तिन्ही वेळा खणानारळाने ओटी भरून तिला परत पाठवण्यात आले. प्रत्येक वेळी कोणी ना कोणी तिला असलीच उदाहरणे दिली. चौथ्या वेळी ती आली तेव्हा हात गळ्यात बांधलेला होता. त्या दिवशी तिच्या आईने ओटीचे ताट उचलून ठेवले आणि दाराला आतून कडी घातली. आज ती मुलगी पोळीभाजीचे डबे करून आपली दोन मुले शिकवते आहे.

म्हणून मला म्हणावेसे वाटते की बहिणाबाईंचे अर्धेच चरित्र सांगणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्या राहिल्या हे खरे. पण त्यांना जायला जागा कुठे होती? वय अकरा, माहेराला घर नाही, पोटात मूल, ऐकून घेणारे कोणी नाही आणि दाद मागायला ठिकाण नाही. त्यांचे राहणे हा उपदेश म्हणून घ्यायचा असेल, तर त्याआधी त्यांची सगळी परिस्थिती सांगितली पाहिजे. गंगाधरपंत सुधारले तेही महिनाभराच्या दाहाने. असा ताप प्रत्येक मारणाऱ्या नवऱ्याला येत नाही. तो येईल म्हणून बाईने आयुष्यभर वाट बघत बसावे, असे बहिणाबाईंनी कोठेही सांगितलेले नाही.

त्यांनी काय केले ते पाहा. मारले ते सांगितले. कशासाठी मारले ते सांगितले. बांधून ठेवले ते सांगितले. आपल्या नवऱ्याची थोरवी त्यांनी मानली, त्याची सेवा केली, आणि तरीही त्याने केलेली मारहाण लपवली नाही. घरातली गोष्ट घरात राहावी, चार लोकांत नवऱ्याची अब्रू जाऊ नये, म्हणून आपण दाराचा कोपरा लागला, बाथरूममध्ये पाय घसरला असे सांगतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका पतिव्रता म्हणवणाऱ्या बाईला असे खोटे सांगावेसे वाटले नाही. सांगितल्याने त्यांचे पातिव्रत्य कमी झाले नाही की नवऱ्याविषयीची माया आटली नाही. मला या चरित्रात सर्वांत मोठे धैर्य वाटते ते हेच.

आज आपली परिस्थिती तशी नाही. लहान मुलीच्या लग्नाला १९२९ सालच्या सारडा कायद्याने पहिला पायबंद घातला. आज मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय लग्न लावणे गुन्हा आहे. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ हा १९८३ सालापासून फौजदारी गुन्हा आहे. तेव्हा ते कलम ४९८-अ होते, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आले आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्यात मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ, उपासमार, पैशाची अडवणूक हेही येते. बाईला राहत्या घरातून कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही. दंडाधिकाऱ्यांकडे संरक्षणाचा आदेश मागता येतो, अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात. १८१ या क्रमांकावर दूरध्वनी करून मदत मागता येते. हे सगळे प्रत्येक बाईला माहीत असले पाहिजे, म्हणून मुद्दाम लिहिले.

पण कायदा दारापर्यंत येतो, दार उघडावे लागते ते आपल्याला. २०१९ ते २०२१ या काळात सरकारने जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी केली, तिच्यात देशातल्या दर शंभर बायकांपैकी सुमारे ४५ जणींनी सांगितले की काही कारण असेल तर नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे. पुरुषांचाही आकडा जवळजवळ तेवढाच आहे. हा आकडा वाचून मला वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. भिंतीपलीकडून आवाज येतो तेव्हा तिचेच काही चुकले असेल असे म्हणणाऱ्या आपल्यातल्याच असतात. मुलीला परत पाठवणारी पुष्कळदा आईच असते. सुनेला सोसायला सांगणारी सासू एके काळी स्वतः सोसलेली असते. गंगाधरपंतांच्या पाठीशी त्या काळी शास्त्र होते. आज शास्त्राची जागा आपल्या अशा बोलण्याने घेतली आहे.

यावर आपल्या मंडळाला पुष्कळ करण्यासारखे आहे. हळदीकुंकवाला, भजनाला, भिशीला आपण जमतो. एखादी भगिनी दोन-तीन वेळा आली नाही तर तिच्या घरी जावे, नुसता निरोप धाडू नये. तिने काही सांगितले तर आधी ऐकून घ्यावे. तू काय केले होतेस, हा प्रश्न विचारू नये. ती तक्रार द्यायला निघाली तर बरोबर दोघींनी जावे, कारण एकट्या बाईची समजूत घालून परत पाठवणे सोपे असते, तिघींना परत पाठवणे अवघड जाते. निर्णय तिचा तिने घ्यावा. राहायचे की निघायचे हे आपण ठरवू नये. आणि आपल्या मुलग्यांना लहानपणापासून शिकवावे की मान हा हात उगारून मिळत नाही.

जयरामस्वामींनी भरल्या सभेत त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि कोल्हापुरातल्या इतक्या माणसांत तिच्या वाट्याला आलेला मायेचा हात म्हणून तोच एक बहिणाबाईंनी जन्मभर लक्षात ठेवला. येत्या एकादशीला आपण त्यांचा अभंग म्हणू तेव्हा पाया आणि कळस यांच्याबरोबर ती अकरा वर्षांची मुलगीही आपल्या डोळ्यांपुढे उभी राहावी. तशी मुलगी आपल्या आळीत कोठे असेल, तर तिच्या मस्तकावर ठेवायला आपल्या मंडळातल्या प्रत्येक भगिनीचा हात पुढे यावा, हीच मंडळाच्या या वाढदिवशी पांडुरंगाच्या चरणी प्रार्थना.